उभं राहायचे साडेसहा हजार!

साईनगरातल्या एका चांगल्या घरच्या पोट्ट्याची बातमी 2025 च्या जानेवारीत अख्ख्या अमरावतीत फिरली आणि गिला वड्याच्या गाडीवर अजूनही तिची तर्री काढली जाते. पोट्टं कोणाला घेऊन पळालं असतं, तर गल्लीनं आठ दिवसांत पचवलं असतं. एमपीएससीचा क्लास सोडून पानठेला टाकला असता, तरी लोक म्हणाले असते, चला, धंद्याला तर लागलं. पण यानं काय केलं? गाणं ऐकायसाठी स्वतःच्या खिशातून 6,450 रुपये मोजले. तेही बसायचे नाही बरं का, उभं राहायचे!

“उभं राहाचे पैसे कायले लागतात बे?” गल्लीतल्या एका काकांचा हा सवाल बिनतोड होता. एसटीतही उभ्यानं जायला पूर्ण तिकीट पडतं हे खरं, पण ती निदान परतवाड्याला तरी पोचवते.

तर पार्टीचं नाव कोल्डप्ले. ऐकून एका काकूंना आधी सर्दीचं औषधच वाटलं. ब्रिटनमधले चौघे, त्यात गाणारा क्रिस मार्टिन. 2021 साली त्यांनी ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ नावाचा अल्बम काढला आणि त्याच्या नावानं मार्च 2022 मध्ये कोस्टा रिकातून जगाच्या दौऱ्याला निघाले. दौरा एवढा लांबला की मधेच, ऑक्टोबर 2024 मध्ये, ‘मून म्युझिक’ हा दुसरा अल्बमही आला. ही वरात जानेवारी 2025 मध्ये 18, 19 आणि 21 तारखेला नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उतरली, मग 25 आणि 26 ला अहमदाबादेत. याला म्हणे भारत दौरा! आमच्यासाठी भारत नेरूळलाच संपला.

आता तिकिटाचा दिवस बघा. 22 सप्टेंबर 2024, रविवार, दुपारी 12 वाजता. ऐन पितृपक्षात! घरात पान वाढून कावळ्याची वाट पाहणं चाललंय आणि कुलदीपक मोबाइलसमोर डोळ्याची पापणी न हलवता बसलेला. पितरांनी काय समजायचं? साइट तर बारा वाजायच्या आधीच आडवी झाली. तिकीट विकणाऱ्या कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे त्या दिवशी 1 कोटी 30 लाख लोक रांगेत होते. आता हिशेब करा. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ, या पाच जिल्ह्यांचं अख्खं वऱ्हाड 2011 च्या जनगणनेत भरलं 1 कोटी 12 लाख. म्हणजे तान्ह्या लेकरापासून काठी टेकणाऱ्या आज्यापर्यंत सगळं वऱ्हाड मोबाइल घेऊन बसलं असतं, तरी ती रांग पुरी झाली नसती.

आणि दर? अडीच हजारांपासून साडेबारा हजारांपर्यंत, आणि थाटात बसायचं तर 35,000. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये, आणि बाजार समितीत तोही हाती पडत नव्हता. म्हणजे साडेबारा हजारांचं एक तिकीट म्हणजे अडीच क्विंटलाहून जास्त सोयाबीन. पस्तीस हजारवाल्यानं तर सात क्विंटल एका संध्याकाळी गाण्यात पेरलं. दर्यापूरकडचे एक मामा हे ऐकून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “थो गोरा व्यापाऱ्याहूनबी हुशार हाय बाप्पा. आपला माल घेतला, अन् देल्लं काय? हवा.”

पुढं काळाबाजारात हीच तिकिटं लाखांच्या घरात गेली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं चौकशी लावली, ईडीनं पाच राज्यांत छापे घातले. ईडी! आजवर आमची समजूत अशी की ईडी फक्त पक्ष बदलण्याआधी येते. गाण्याच्या तिकिटासाठीही येते, हे ज्ञान कोल्डप्लेमुळं झालं.

अकोलेकर सुरुवातीला भलतेच खुशीत होते. “अमरावतीवाल्यायचं असंच राह्यते, आमच्या इकडं असे थेर नाई.” मग कळलं की जठारपेठेतल्या दोघी मैत्रिणीही गेल्या, आणि आयांना सांगून गेल्या! चोरून गेल्या असत्या तर चर्चेला काही सन्मानाची जागा उरली असती. आयांनीच डब्यात धपाटे बांधून दिल्यावर बोलायचं काय? अंबा एक्स्प्रेस संध्याकाळी अमरावतीहून सुटते, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला घेत रात्रभर धावते. सकाळी ठाण्याला उतरायचं आणि लोकलनं नेरूळ. त्याच डब्यात म्हणे मुंबईला दवाखान्यात निघालेले, मंत्रालयात फाइल घेऊन निघालेले आणि तोंडाला चमकी लावायची म्हणून डबी घेऊन निघालेले, असे तिन्ही प्रकारचे भाविक होते.

अकोल्यातल्या ज्या काकांनी “एवढ्या आवाजानं कान फुटतीन पोट्ट्यायचे” म्हणून टाहो फोडला, त्यांचं घर राजराजेश्वराच्या कावड मार्गावर आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोरं रात्रभर अनवाणी चालत येतात. पुढं ढोल, डीजे. त्या दिवशी काकांच्या खिडकीची तावदानं हलतात आणि काका स्वतः गॅलरीत हात वर करून नाचतात. काकांचा कान बहुतेक भाषा ओळखून फुटतो.

आणि 1996 कोणी काढायचं नाही, असं जणू ठरलेलं आहे. त्या साली 1 नोव्हेंबरला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन नाचला, तोही ‘हिस्टरी’ या अल्बमच्या दौऱ्यावर. बोलावणारी कोण, तर शिव उद्योग सेना. पुढं राज ठाकरे. विमानतळावर स्वागताला सोनाली बेंद्रे, मराठी वेशात. संस्कृतीचं काय झालं, म्हणून तेव्हाही महाराष्ट्र आडवा-उभा बोलला. मातोश्रीवर जॅक्सननं वापरलेल्या संडासाची गोष्ट तर लोकांनी इतकी चघळली की ती इथं नको. हा मजकूर कोणी जेवताना वाचत असेल. करमणूक कर माफ करण्यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि त्या कराचा निकाल राज्याच्या मंत्रिमंडळानं लावला तो थेट 2021 साली. एका रात्रीच्या नाचाचा हिशेब पंचवीस वर्षं! आज नातवाला झापणारे किती तरी आजोबा तेव्हा पँट घोट्याच्या वर ओढून आरशासमोर मागं-मागं सरकत होते. आज्यांना विचारा, त्या नावं सांगतील.

बरं, हा क्रिस मार्टिन माणूस तरी कसा? स्टेजवरून म्हणाला की ब्रिटननं तुमचं इतकं वाईट केलं, तरी तुम्ही आम्हाला माफ केलंत, आभार. मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. मुंबईकरांचं काय जातंय? 1853 साली निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारनं घेतलं ते कापसावर डोळा ठेवून. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे शकुंतला रेल्वेचे रूळ टाकले ते काही आमच्या माहेरवाशिणींसाठी नव्हते. माफ करायचं की नाही, हे निदान आम्हाला विचारायला हवं होतं. दौरा अचलपूरला आणला असता, तर विचार केला असता.

पण गल्लीतल्या मावशी फितूर झाल्या. क्रिस मार्टिन मुंबईत बाबुलनाथाच्या दर्शनाला गेला आणि त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीनं, डाकोटा जॉन्सननं, नंदीच्या कानात इच्छा सांगितली, तो फोटो मावशींच्या मोबाइलवर आला. झालं. “गोरी आहे पण रीत पाहा कशी पाळली, आपल्या सुना पाळतात का?” इथून चर्चेची गाडी जी सुनांवर घसरली, ती त्या दिवशी रुळावर आलीच नाही. 26 जानेवारीला अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला, तेव्हा तर मावशींनी झेंडावंदनाची जिलेबी राखून ठेवून रात्री मोबाइल फळीवर टेकवला. लाखभर लोकांच्या मनगटावरचे पट्टे एकाच वेळी निळे, मग पिवळे. गाणं एकही कळलं नाही. पट्टे कार्यक्रमानंतर परत द्यावे लागतात, हे मात्र बरोबर कळलं. “आपल्याकडं मंगल कार्यालयातले चमचे परत येत नाहीत वो माय!”

आता मूळ गोष्ट. ही सगळी आगपाखड कोल्डप्लेवर नाहीच. दुखणं वेगळंच आहे. पोट्ट्यानं तिकीट काढलं! आमच्याकडं प्रतिष्ठित माणूस गाण्याचं तिकीट काढत नाही, पास मागतो. अमरावतीचं संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन घ्या की अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह. पहिल्या रांगा पासवाल्यांच्या. पास मिळाला म्हणजे आपण कोणीतरी आहोत, आणि तिकीट काढलं म्हणजे आपली ओळख नाही. पासवाले अर्धा तास उशिरा येतात, मध्यंतरात चहा पिऊन निघून जातात आणि दुसऱ्या दिवशी “पहिल्यासारखं गाणं राहिलं नाही” म्हणतात. आयोजक एकदा बुडतो, पुन्हा त्या वाटेला जात नाही. मग दौरे नेरूळला संपतात, यात नवल कसलं? एप्रिल 2025 मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमानही सुरू झालं. (अकोलेकरांनी आपल्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीची आठवण आत्ता काढू नये, चर्चा लांबेल.) पण विमान आलं म्हणून गाणारे येत नाहीत, गल्ला भरला तर येतात.

त्या साईनगरच्या पोट्ट्याला या प्रकरणात आमच्यातर्फे निर्दोष सोडण्यात येत आहे. त्यानं ज्याचं ऐकलं, त्याचे पैसे मोजले. सुरेश भटांचं गाव म्हणून आपण छाती फुगवतो, याच जिल्ह्यातल्या आष्टगावच्या भीमराव पांचाळेंनी मराठी गझल गावोगाव नेली म्हणून पाहुण्यांना ऐकवतो. तर वाचकहो, पुढच्या वेळी पांचाळेंची मैफल आपल्या गावात लागली, की ओळखीच्या नगरसेवकाला फोन करू नका. खिडकीवर जा आणि तिकीट काढा.