लेप्टिन सर

लातुरात शिकवणीवर्ग कमी पडत होते म्हणून की काय, निवृत्त झाल्यावर सरांनी क्रीडा संकुलाच्या बाकावर पहाटे साडेपाचची बॅच काढली. फी नाही, सुट्टीही नाही. चालायला आलेला माणूस बुटाची नाडी बांधायला वाकला की प्रवेश पक्का. लोक त्यांना लेप्टिन सर म्हणतात. पाळण्यातलं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय.

अंगात ट्रॅकसूट, गळ्यात टॉवेल, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. शिकवताना सर इतके हातवारे करतात, की बसल्या जागी घड्याळात पावलं पडत राहतात.

‘चरबी म्हणजे मुकाट पडून राहणारा साठा नव्हे, ती बोलते!’ इथून तास सुरू होतो. 1994 साली न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला, त्याच साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. सर या दोन्ही गोष्टी अशा एका दमात सांगतात, की ऐकणाऱ्याला दोन्हींचं उद्घाटन एकाच मांडवात झाल्यासारखं वाटावं. चरबीतून निघालेलं लेप्टिन मेंदूला कळवतं, ‘साठा भरपूर आहे, ताटावरून ऊठ.’ चरबी वाढली की लेप्टिनही वाढतं, पण मेंदू ऐकेनासा होतो. ‘मास्तर जितका ओरडेल, तितकी मागची बाकं बहिरी!’ याचं प्रात्यक्षिक तास सुटल्यावर कोपऱ्यावरच्या गाड्यावर होतं. सुशीलाची दुसरी प्लेट, वर शेव.

डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते, तेव्हा त्यांच्या आहारयोजनेची लाट घराघरांत शिरली. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. सर कट्टर अनुयायी. पंचावन्नातलं एक मिनिट वाया जाऊ देत नाहीत. पंचेचाळीस मिनिटांचा धडा त्यांनी काही महिने गिरवला, मग ऐच्छिक करून टाकला.

स्नायूचा धडा मात्र ऐकावा तर त्यांच्याकडूनच. स्नायू आकुंचन पावला की पेशीच्या आतले ग्लूट-4 नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतात. अ‍ॅडिपोनेक्टिनही चरबीतूनच निघतं, पण चरबी वाढली की ते घटतं. ते स्नायूला चरबी जाळायला लावतं. ‘आणि ध्यानात ठेवा, व्यायामानं इन्शुलिनचं काम सुधारतं, पण चालणं थांबलं की दोन-तीन दिवसांत तो गुण ओसरायला लागतो. याला पेन्शन नाही!’

एका निवृत्त कंडक्टरनं विचारलं, ‘सर, तुमी शेवटचं कधी चाललाव?’

‘प्रश्न तास संपल्यावर.’

मागं सर नांदेडला व्याह्यांकडं गेले. व्याही वजिराबादेत कापडदुकान चालवतात, अंगानं काडी. गादीवर बसून म्हणाले, ‘आपल्याला काय धाड भरलीय?’ सरांनी तिथंच फळा मांडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2! दोघांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ‘काडी दिसता म्हणून खूश होऊ नका, व्याही. आपल्याकडं चरबी आत दडून बसते.’

व्याह्यांनी तपासणी केली. साखर वाढलेली निघाली. ते घाबरले आणि दुसऱ्या दिवसापासून गोदावरीच्या घाटाकडं रोज चालायला लागले. सरांनी औषधांबद्दल अवाक्षर काढलं नाही, ते डॉक्टरांवर सोपवलं. हा त्यांचा मोठेपणा.

काही महिन्यांनी फोन आला. साखर आटोक्यात, कंबरेचा पट्टा एक भोक आत, सरांना शतशः धन्यवाद. सरांनी स्पीकर लावून सगळ्या घराला ऐकवलं.

सरांच्या पत्नी गंजगोलाईतून दोन पिशव्या भाजी घेऊन चालत आल्या होत्या. त्यांनी आयुष्यात लेप्टिनचं नाव घेतलेलं नाही. पिशव्या ठेवत म्हणाल्या, ‘पोरगं पास झालं. मास्तर कधी बसणार परीक्षेला?’

‘पेपर काढणाऱ्याला परीक्षेला बसता येत नाही,’ सर म्हणाले, ‘बोर्डाचा नियम आहे.’