स्वखुशीचा राजीनामा

मध्यमवयीन व्यवसायांतर, म्हणजे पंचेचाळिशीच्या आसपास चालती नोकरी सोडून वेगळ्याच पेशात शिरणे, हे अंतर्मनाची हाक ऐकल्यामुळे घडते, असे या विषयावरील प्रेरणादायी वाङ्मयात सांगितले जाते. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानात मात्र ही हाक बहुधा मनुष्यबळ विभागाकडून येते, आणि तीही विषयाचा रकाना कोरा ठेवलेल्या मीटिंगच्या निमंत्रणाच्या रूपाने. त्या मीटिंगमध्ये टेबलावर पाण्याची बाटली, टिशूपेपरचा डबा आणि आधीच टाइप करून ठेवलेला राजीनामा असतो. कर्मचारी 'वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने' जात असल्याचे त्यात नमूद असते, आणि ही खुशी त्याला वाचेपर्यंत ठाऊक नसते, एवढाच काय तो तांत्रिक दोष.

या खुशीचा आग्रह कोणी भावनेपोटी धरत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, कामगाराची कपात केल्यास सर्वसाधारणपणे एक महिन्याची नोटीस, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन आणि शिवाय पुनर्कौशल्य निधीतून आणखी 15 दिवसांचे वेतन द्यावे लागते (वीस वर्षे मुरलेले कौशल्य पुसून नवे अंगी बाणवण्यास एक पंधरवडा पुरतो, असा यामागील सिद्धांत असावा). मात्र राजीनामा ही कपात नव्हे, आणि मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा कामगार नव्हे. ज्या उद्योगात पगारवाढीऐवजी पदनामे वाटण्याची प्रथा आहे, तेथे हाताखाली एकही माणूस नसलेला 'डिलिव्हरी मॅनेजर' आपल्या व्हिजिटिंग कार्डाकडे अभिमानाने पाहत असताना कायद्याच्या छत्राबाहेर उभा असल्याचे समजून चालतो, आणि समोरचे लोक त्याचा हा समज मोडत नाहीत.

यानंतर सुरू होते ती दुसरी कारकीर्द. तिच्या प्रकारांत सेंद्रिय शेतीचे स्थान सर्वोच्च असून, मुळशीकडे दोन एकर घेऊन देशी गाई पाळण्याचा संकल्प बहुतेकांनी ऑफिसच्या बसमध्ये, वाकडच्या कोंडीत अडकलेले असताना सोडलेला असतो. परंतु महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर, काही अपवाद वगळता, माणूस आधीच शेतकरी असावा लागतो, ही 1948 च्या कुळकायद्यातील अट त्याला एजंटला टोकन दिल्यानंतर कळते. मग आजोबांच्या गावचा सातबारा, म्हणजे जमिनीचा मालक व तीवरील पीक यांची नोंद असलेला उतारा, शोधण्याचे संशोधनकार्य सुरू होते. त्या उताऱ्यावर अकरा चुलतभावांची नावे निघतात, वारसनोंद मागच्या पिढीपासून रखडलेली असते, आणि इतकी वर्षे लग्नपत्रिकेपुरते आठवणारे हे भाऊ आता सहीसाठी तलाठ्यासमोर एकाच दिवशी हजर व्हावे लागतात. तीन खंडांतल्या चमूंच्या वेळा जुळवणाऱ्या या गृहस्थाला आपल्या अनुभवाचा उपयोग होईल असे वाटते. तो होत नाही.

ज्यांच्या आजोबांनी जमीन विकून टाकली, ते करिअर कोच होतात, म्हणजे आपली नोकरी गेलेल्यांकडून शुल्क घेऊन नोकरी कशी मिळवावी हे सांगतात. हा एकमेव व्यवसाय असा आहे की ज्यात मंदी आल्यावर गिऱ्हाईक वाढते.

निवृत्तिवेतनाचा आधार घ्यावा, तर कर्मचारी पेन्शन योजनेची पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते, पन्नाशीनंतर लवकर घेतल्यास अलीकडच्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्क्यांनी घटते, आणि ज्या पगारावर ती सामान्यतः मोजली जाते त्याची कमाल मर्यादा 2014 मध्ये 15,000 रुपये ठरलेली आहे. गृहकर्जाच्या हप्त्यासमोर या रकमेचा उल्लेख करणे शिष्टाचाराला सोडून होईल.

तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, तो टाइप केलेला कागद पुढे सरकवला गेला की त्यावर तिथल्या तिथे सही करू नये. तो घरी नेण्याची मुभा मागावी आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवावा. न्यायालये केवळ पदनामावर विसंबत नाहीत, माणसाचे मुख्य काम काय ते पाहतात, आणि एक्सेलची तीच फाइल वर्षानुवर्षे भरणारा 'असोसिएट व्हाइस प्रेसिडेंट' त्यांच्या लेखी कामगार ठरू शकतो.