मेला म्हणून रडलो, तो तर जिवंत!

अहो, ऐकलंत का? अश्शा इकडे या, जास्वंदीच्या आडोशाला. समोरच्या गॅलरीत सेक्रेटरीणबाई उभ्या आहेत आणि त्यांचे कान म्हणजे... जाऊ दे. तुम्ही सव्वीस जानेवारीला माहेरी होतात, नाहीतर डोळ्यांनीच बघितलं असतंत. आपल्या हॉलमध्ये 'बॉर्डर' लावला होता ना, पडदा बांधून, स्पीकर भाड्याने आणून. पिक्चर राहिला बाजूला, खरा तमाशा खुर्च्यांवर झाला!

आता 'बॉर्डर' काय आपण पहिल्यांदा बघतोय थोडाच? १९९७ साली थिएटरात बघितला, पुढे दर पंधरा ऑगस्टला टीव्हीवर बघितला. तरी गर्दी ही! शाळकरी पोरं पुढे सतरंजीवर. सनी देओलनं नुसता श्वास घेतला की शिट्टी. ह्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा पिक्चर, पण डायलॉग तो म्हणायच्या आधी ही म्हणतात. रील्समधून पाठ झालेत म्हणे.

तर सुनील शेट्टीचा तो भैरोसिंग. त्याच्या बायकोचं ते सगळं आधी झालेलं असतं, तुम्हाला आठवत असेलच. आणि मग तो रणगाड्यावर धावून जातो आणि... कोपऱ्यावरच्या वहिनींचा पदर तोंडात. त्यांच्या सूनबाई मस्कारा पुसतायत. बँकवाले भावजी चष्म्याची काच पुसण्याचं निमित्त करून डोळे पुसतायत. सगळीकडे मुसमुस. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो काकू, रडू नका, तो मेलाच नव्हता!"

कोण असणार? इंजिनिअरिंगचा तो. मोबाइल हातात, चेहऱ्यावर निकाल लागल्याचा आनंद.

वहिनींचा चेहरा असा पडला म्हणता! पदर तोंडातून काढावा की ठेवावा कळेना. "मेला नव्हता म्हणजे? आत्ता समोर मेला की!" तर तो म्हणे, सिनेमात. खरे भैरोसिंग राठोड जोधपूर जिल्ह्यातल्या सोलंकियातला या गावचे, बीएसएफचे. १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात, लोंगेवालाच्या त्या रात्री मशीनगन धरून लढले, सेना मेडल मिळालं, रीतसर नोकरी पुरी करून निवृत्त झाले, गावी राहिले. 'बॉर्डर' लागला तेव्हा धडधाकट होते! वारले ते १९ डिसेंबर २०२२ ला, म्हातारपणी, जोधपूरच्या एम्समध्ये. सुनील शेट्टीनंसुद्धा तेव्हा श्रद्धांजली वाहिली.

मी म्हणते, कल्पना करा. माणूस अंगणात खाटेवर चहा पितोय आणि अख्खा देश थिएटरात त्याच्या नावानं रुमाल भिजवतोय! नातवंडांनी पिक्चर बघून आजोबांकडे कसं बघितलं असेल हो?

आणि तेवढ्यावर थांबेल तर तो मुलगा कसला. अक्षय खन्नाचा लेफ्टनंट धरमवीर? तेही जिवंत. कर्नल होऊन निवृत्त झाले, २०२२ मध्येच गेले. राखीची ती आंधळी आई वाट बघते, पूजा भट्ट वाट बघते, आणि ते साहेब आपले सुखरूप परत आलेले! लोंगेवालाच्या चौकीवर आपले १२० च्या आसपास जवान, समोर दोनेक हजारांची फौज आणि चाळीसहून जास्त रणगाडे. त्या रात्रीत आपले किती गेले? दोन. सिनेमात मोजायला गेलात तर हाताची बोटं पुरत नाहीत.

सेक्रेटरी उठून म्हणाले, "शांतता राखा, पिक्चर चालू आहे." पण कसली शांतता! निम्मी मंडळी फसवल्यासारखी बसली, निम्मी म्हणाली, मग काय झालं? मला विचाराल तर मी दुसऱ्या पार्टीतली. दिग्दर्शक जे. पी. दत्तांनी माणसं मारली कारण आपल्याला रडायचं होतं. १२० जण रात्रभर तग धरतात आणि जवळजवळ सगळे घरी परत जातात, यावर तिकिटं खपली नसती. ते जिवंत राहिले हीच तर खरी कमाल, पण तिला शिट्टी कोण वाजवणार?

तर काय सांगत होते... हां, सुभेदारकाकू. त्यांची तर मजाच. सुभेदारकाका पहिल्या रांगेत, ताठ. लष्करात हयात काढलेला माणूस, आपल्याला वाटलं हे चुका काढतील. छे! चिठ्ठ्यांचं ते गाणं लागलं, सोनू निगम आणि रूपकुमार राठोडचं, दहा मिनिटं चालतं बघा, आणि काका हमसून हमसून. पहिल्या कडव्यापासून. काकू मात्र कोरड्या ठणठणीत. मी वाकून विचारलं, "काकू, तुम्हाला नाही हो काही वाटत?" तर म्हणाल्या, "काय वाटायचं बाई? ह्यांची पत्रं मी वाचलीत की. चार ओळींचं कार्ड. मी खुशाल आहे, म्हैस व्याली का, पावसाचं कसं, भावाला मनिऑर्डर पोचली का. माझं नाव कुठं असंल तर शप्पथ! आन आता हिथं बसून रडत्यात."

मी हसू दाबायला रुमाल काढला, तर बाजूच्यांना वाटलं मीही रडतेय.

पण मथुरादासच्या सीनला मात्र काकू बोलल्या. सुदेश बेरी हो, ज्याला घरच्या आजारपणासाठी रजा मिळते आणि तो सगळ्यांसमोर उड्या मारतो, मग सनी त्याला असं काही सुनावतो की... पोरांनी तिथे टाळ्या पिटल्या. काकू फणकारल्या, "टाळ्या कसल्या वाजवताय? रजा मिळाली की समदेच नाचत्यात. ह्ये बी सातारा स्टेशनपासून घरापर्यंत गात यायचे. आन जायच्या दिवशी सकाळी भाकरी गिळत नसायची." काकांनी मान खाली घातली. खरंच घातली, मी बघितलं.

आणि मग ते मागच्या गल्लीतले, एअरफोर्सवाले. तुम्हाला माहीत आहेच, त्यांचं नि सुभेदारकाकांचं पाण्याच्या टाकीवरून आधीच बिनसलेलं. सबंध पिक्चरभर ते घड्याळ बघत होते. जॅकी श्रॉफ आला तसे जरा सावरून बसले. शेवटी पहाट होते, हंटर विमानं येतात, रणगाडे पेटतात. तर हे उभेच राहिले! "बघा! आमच्या चार-सहा विमानांनी काम केलं आणि पिक्चरचा हिरो कोण, तर सनी!"

सुभेदारकाका वळले. हळूच म्हणाले, "रात्रभर कुठं होतात?"

अहो, हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. एअरफोर्सवाल्यांचे कान लाल. म्हणाले, हंटरला रात्री मारा करायची सोय नव्हती, जैसलमेरहून पहाटेशिवाय उडणं शक्यच नव्हतं, यात आमचा काय दोष? ते खरंच आहे म्हणा, सिनेमातही तेच दाखवलंय. पण काका ऐकतात होय! ते म्हणाले, त्या रात्री काटेरी तारेनं जेवढं काम केलं तेवढं कुणी केलं नाही. चौकीभोवती साधी तार होती, ती बघून समोरच्यांना वाटलं पुढे सुरुंग पेरलेत. थांबले की तिथेच! दोन तास गेले त्यांचे खातरजमा करण्यात. आपण नाही का, ओल्या फरशीवर नुसती खुर्ची आडवी टाकतो आणि अख्खं घर वळसा घालून जातं?

मग एअरफोर्सवाल्यांनी मोबाइलवर लोंगेवालाचा एक फोटो उघडून दाखवला. वरून घेतलेला, वाळूत रणगाड्यांच्या चाकोऱ्या. गोल गोल, एकात एक अडकलेल्या. विमानं डोक्यावर आली तसे ते रणगाडे वाट फुटेल तिकडे गरगरा फिरले, त्याच्या खुणा. झाडाचा आडोसा नाही, त्यांना आपलं म्हणावं असं एक विमान वर नाही. मोबाइल रांगेतून फिरला. सुभेदारकाकांनी तो बराच वेळ धरला, बोटांनी मोठा करून बघितला आणि परत देताना एवढंच म्हणाले, "ड्रायव्हरचं काय झालं असंल आत." मग दोघंही गप्प. श्रेय कुणाचं यावरून खऱ्या अधिकाऱ्यांमध्येही पुढे चांगली जुंपली होती म्हणे, मग आपल्या कॉलनीनं का मागे राहावं?

एक सांगायचं राहिलंच. हे जरा हळू बोलते. त्या नव्या बिऱ्हाडातल्या वहिनी आहेत ना, तळमजल्यावरच्या, त्या पिक्चर सुरू व्हायच्या आधीच हॉलमध्ये आल्या होत्या. बसल्या नाहीत. भिंतीकडेने फिरत होत्या. मागच्या दारापाशी आपल्या पोरांनी जादा खुर्च्या रचल्या होत्या, तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, ह्या काढा आधी. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ते दार आपण वापरत नाही." त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच एकेक खुर्ची उचलायला लागल्या. सेक्रेटरींना वाटलं, नव्या आहेत नि आत्तापासून दादागिरी. मलाही तसंच वाटलं असतं, पण मी त्यांच्या हातांकडे बघितलं. थरथरत होते.

त्या तेव्हा दिल्लीला होत्या हो. ग्रीन पार्कजवळ. १३ जून १९९७, शुक्रवार, 'बॉर्डर'चा पहिला दिवस, उपहार थिएटर, दुपारचा तीनचा शो. खाली पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर वर बाल्कनीत. तिथे जादा खुर्च्या घालून वाट अडवलेली. ५९ माणसं गेली. कृष्णमूर्ती नवरा-बायकोची दोन्ही मुलं गेली, मुलगी आणि मुलगा. पुढे वीस वर्षांहून जास्त कोर्टात लढले ते. वहिनींचं कुणी त्यात नव्हतं, पण गल्लीतलं होतं. पिक्चरभर त्या बाहेर पायरीवर बसल्या होत्या. स्पीकरचा आवाज तर तिथेही येतच होता. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाल्या, "मी अजून हा पिक्चर एकदाही बघितलेला नाही. आवाजावरून सगळा ओळखते."

यावर काय बोलणार? मीही काही बोलले नाही. मी, अहो!

तर काय सांगत होते... शेवट. विजय झाला, पोरांनी घोषणा दिल्या आणि सगळे उठून चपला शोधायला लागले. ते शेवटचं गाणं असतं ना, हरिहरनचं, शत्रूला भाऊ म्हणणारं, दोन्हीकडच्या प्रेतांवरून कॅमेरा फिरतो ते? त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जावेद अख्तरांनाही मिळाला. पण आमच्याकडे ते कुणीसुद्धा बघितलेलं नाही. १९९७ ला थिएटरातही हेच! गाणं चालू आणि माणसं रिक्षा गाठायला पळत होती. परवाही खुर्च्यांची खडखड, "माझी डावी कुठे गेली", "बटाटेवडे संपले का". बसून राहिले ते फक्त एअरफोर्सवाले आणि सुभेदारकाका. शेजारी शेजारी बरं का. टाकीचं भांडण असून!

बँकवाल्या भावजींनी मात्र जाता जाता टूर काढलीच. जैसलमेर, तनोट माता, लोंगेवाला. मागे माझी जाऊ जाऊन आली तिकडे. तनोटच्या देवळाचं सगळं बीएसएफचे जवानच बघतात, न फुटलेले बॉम्बगोळे काचेत मांडून ठेवलेत. लोंगेवालाला पकडलेले रणगाडे उभे आहेत, त्यांच्यापुढे हिनं ओढणी उडवत फोटो काढलाय. तिला विचारलं, सनीनं ज्यांचं काम केलंय ते मेजर चांदपुरी तेव्हा किती वर्षांचे होते माहितीय? म्हणे, सनीएवढे असतील. अगं, जेमतेम ३१ वर्षांचे! आपला मुलगा त्या वयात गॅसचा नंबर लावायला आईला फोन करतो.

आणि खरी बातमी तर पुढेच आहे. परवा मीटिंग झाली. सेक्रेटरींनी जाहीर केलं की कार्यक्रम उत्तम झाला, आता पंधरा ऑगस्टला कुठला युद्धपट लावायचा ते सुचवा. इंजिनिअरिंगवाला म्हणाला 'उरी', कुणी म्हणालं 'शेरशाह', बँकवाले म्हणाले 'हकीकत', ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे कुणीच येणार नाही. सेक्रेटरी मानानं सुभेदारकाकांकडे वळले. "काका, तुम्ही सांगाल तो. तुमचा शब्द अखेरचा."

काका उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "अशी ही बनवाबनवी."

सेक्रेटरींचा चेहरा! भिंतीवरच्या तिरंग्याकडे बघावं की काकांकडे, कळेना त्यांना. "काका, स्वातंत्र्यदिन आहे हो..." तर काका म्हणे, "म्हणून तर. सुट्टीच्या दिवशी ड्युटी कोण बघतंय?" आणि अनुमोदन कुणी दिलं माहितीय? एअरफोर्सवाल्यांनी! मग मी हात वर केला, काकूंनी केला, तळमजल्यावरच्या वहिनींनी तर सगळ्यांच्या आधी केला होता. मागचं दार उघडं ठेवणार असाल तर पहिल्या रांगेत बसेन म्हणाल्या.

ठरावाच्या वहीत सेक्रेटरींनी अजून लिहिलेलं नाही म्हणतात. लिहितील. न लिहून सांगतात कुणाला! बरं, तुमची खुर्ची मी आत्तापासूनच धरून ठेवते, फक्त ह्या खेपेला माहेरी जाऊ नका म्हणजे झालं.