हँडल लॉक केलंय ना?

रात्री साडेदहाच्या सुमाराला पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे राहा. एकजण येतो, गाडी साइड स्टँडला लावतो, हँडल डावीकडे वळवतो, चावी दाबून फिरवतो, हँडलला हलकासा हिसका देऊन बघतो आणि कृतकृत्य चेहऱ्याने जिना चढतो. दारात आई विचारते, "हँडल लॉक केलंय ना?" "हो." विषय संपला. लाख-सव्वा लाखाच्या वस्तूची रात्रीची व्यवस्था एवढ्यावर लागते. त्याच घराच्या दाराला लॅच असतं, कडी असते, वरची खिट्टी असते, बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर असतं. आत चोरण्यासारखं म्हणाल तर एक टीव्ही आणि हप्त्यांवर घेतलेला सोफा.

हँडल लॉक म्हणजे असतं काय? कुलपातून बाहेर येणारी एक बारीकशी पिन, जी हँडलच्या दांड्यापाशी खाचेत जाऊन बसते. बस्स. एका दांडगटाचा एक हिसका, यापुढे ती टिकेल अशी अपेक्षा बनवणाऱ्यानेही केली नसावी. पण आपली श्रद्धा दांडगी! बरं, पिन राहू द्या, चावीचं बघा. दहा वर्षं वापरलेल्या गाडीची चावी इतकी झिजते की मामाच्या चावीने भाच्याची गाडी सुरू होते. याचं आपल्याला कौतुक वाटतं. लग्नाघरी हा प्रयोग पाहुण्यांना करून दाखवणारे लोक मी पाहिले आहेत. हाच प्रयोग मामा नसलेला माणूसही करू शकतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

जुन्या, मॅग्नेटोवर चालणाऱ्या कित्येक गाड्यांत तर चावी 'ऑफ' करणं म्हणजे इग्निशनची एक वायर गाडीच्या बॉडीला टेकवणं. वायरचं ते टेकणं तुटलं की 'ऑफ' म्हणणारं कुणी उरत नाही आणि किक मारली की गाडी बोलायला लागते. हे गल्लीतल्या प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतं, त्याच्याकडे पाने द्यायला बसणाऱ्या पोरालाही असतं. नसतं ते फक्त मालकाला.

आणि सुरू तरी कशाला करायची? मागून दुसरा गाडीवाला येतो, आपल्या गाडीवरूनच पुढच्या गाडीच्या फूटरेस्टला पाय लावतो आणि दोघं रस्त्याने निघतात. पुण्यात हे दृश्य रोजचं. कुणी अडवत नाही. उलट सिग्नलला एखादा सज्जन काच खाली करून सांगतो, "पुढे डावीकडे पंप आहे, चोवीस तास चालू असतो." परोपकार म्हणतात तो हाच.

पैशाची चणचण म्हणावी तर तीही नाही. बुलेटला कानठळ्या बसवणारा सायलेन्सर बसवायला पैसे असतात. क्रॅश गार्ड, एलईडी, मागच्या मडगार्डवर 'आई-बाबांचा आशीर्वाद', नंबरात 'दादा' दिसावं म्हणून रंगाऱ्याला शंभर रुपये, हे सगळं असतं. दसऱ्याला झेंडूचा हार, नारळ, हळदीकुंकू, हँडलला लिंबू-मिरची. साखळी-कुलूप घ्या म्हटलं की मात्र चेहरा पडतो. "एवढं जाड? रोज कोण लावणार?" सायलेन्सरचा आवाज अख्ख्या पेठेला ऐकवायला रोज उत्साह असतो, साखळी लावायला वाकायचं म्हटलं की कंबर धरते.

सोसायटीचा आधार असतो म्हणावं, तर तिथे वॉचमनकाका असतात. ते पाण्याची मोटर चालू करतात, पार्सलं घेतात, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना वर्तमानपत्र नेऊन देतात, आणि रात्री बारानंतर माणसाला जे यायचं ते त्यांनाही येतं. उरला सीसीटीव्ही. तो गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. कॅमेऱ्याचं तोंड गेटकडे असावं की पार्किंगकडे, यावर दीड तास चर्चा होऊन शेवटी ते कचऱ्याच्या डब्यांकडे वळवण्यात आलं, कारण ओला-सुका एकत्र टाकणारा पकडायचा होता. तो अजून सापडलेला नाही. चोर मात्र अधूनमधून कॅमेऱ्यात दिसतो. टोपी, मास्क आणि पाठ, एवढाच.

कॅमेऱ्यावरची कोळिष्टकं साफ करण्याचा ठराव गाडी गेल्यावर होतो. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीतूनच आली असावी.

यावर उपाय आहे, आणि तो इतका साधा आहे की सांगताना लाज वाटते. गाडी कशाला तरी बांधायची. आपले पणजोबा गाय दावणीला बांधत. जमिनीत पुरलेला खुंटा, त्याला दावं, दाव्याला गाय. गाय रात्री आपल्या पायांनी कुठे गेली नसती, तरी बांधत. आपण दोन चाकं असलेली, ढकलली की चालणारी वस्तू मोकळी सोडतो. पार्किंगच्या कोब्यात एक जाड कडी सिमेंटमध्ये पक्की करून घ्यायला गवंड्याला अर्धा दिवस लागतो. तेही नको असेल तर खांब आहेत, तळमजल्याची ग्रिल आहे. गाडी कशालाच बांधलेली नसेल तर कितीही महागाचं डिस्क लॉक लावा, दोघं-तिघं ती कुलपासकट उचलून टेम्पोत टाकतात. आणि साखळी पुढच्या चाकातून घालू नका. चाक खोलता येतं, सकाळी खांबाला चाक तेवढं उरेल. फ्रेममधून किंवा मागच्या चाकातून घाला, आणि जमिनीवर लोळत ठेवू नका. जमिनीवरच्या साखळीवर कटर टेकवून वर अंगाचा भार देता येतो, अधांतरी ताणलेल्या साखळीवर तो देता येत नाही. प्लॅस्टिकच्या रंगीत नळीत झाकलेली तार मिळते, ती सायकलला शोभते. ती पकडीनेही तुटते. शेजाऱ्याने बांधली आणि तुम्ही नाही, तर चोर कुणाकडे वळेल हे सांगायला पोलीस लागत नाहीत.

"आमचा विमा आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी ही पुढची ओळ. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. शोरूममधला मुलगा पॉलिसी हातात देतो, त्यावर पाच वर्षांपुढची तारीख असते, आपण ती फाइलला लावून पाच वर्षं निश्चिंत. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. आपली गाडी चोरीला जाणं ज्यात येतं तो 'ओन डॅमेज' हा भाग त्याच पॉलिसीत बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पहिल्या वाढदिवसाला तो संपतो. कुणी केक कापत नाही, त्यामुळे लक्षातही येत नाही. कंपनीचे मेसेज येतात, पण ते आपण कर्ज देऊ करणाऱ्या मेसेजांबरोबर पुसून टाकतो. तिसऱ्या वर्षी गाडी जाते आणि मग घरात शोध लागतो की आपला विमा रस्त्यावरच्या लोकांचा होता.

समजा, पूर्ण विमा आहे. गाडीची विम्यातली किंमत सहा महिने उलटले की पंधरा टक्के उतरते, पाचव्या वर्षात निम्मी होते. तेवढेच पैसे मिळायचे. त्याआधी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. दुसरी चावी कुठे आहे? गाडीच्या सीटखाली, टूलकिटच्या पिशवीत. आरसी कुठे आहे? त्याच पिशवीत. चोराला गाडी, चावी आणि कागद एकाच ठिकाणी मिळावेत एवढी आपली आतिथ्यशीलता. कागद मोबाइलवर दाखवायची सोय 2018 पासून आहे. पण मूळ प्रत जवळ असलेली बरी, असं वडील सांगून गेले.

नव्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवर काहींची मदार आहे. महाराष्ट्रात जुन्या दुचाकीला 450 रुपये अधिक जीएसटी, आणि मुदतवाढीवर मुदतवाढ. प्लेट एकदा बसवली की न मोडता निघत नाही, होलोग्राम आहे, लेसरने कोरलेला क्रमांक आहे. चोराला प्लेट बदलणं अवघड जातं, हे खरं. गाडी न्यायला त्याची आडकाठी नाही.

मग चौकी. तिथे पहिला प्रश्न ठरलेला: "मित्राने नेली नसेल ना?" दुसरा: "दोन दिवस बघा." बघत बसू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे फिर्याद इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही केली की झालं. त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवा. पुढे तपास होतो, आणि गाडी मिळाली नाही तर न्यायालयात 'अ समरी' जाते: गुन्हा खरा, पण उघड झाला नाही. विम्याच्या दाव्याला हाच कागद लागतो. मिळाली तर ती मुद्देमाल होते. मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या आवारात विनाकारण पडून राहू नये, वाहनं लवकर मालकाला द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितलं आहे. आवारांतल्या गंजक्या सांगाड्यांना ते अजून कुणी वाचून दाखवलेलं दिसत नाही.

सगळ्यात निर्लज्ज माणूस मात्र चोर नव्हे. "बारा हजारात पॅशन, कागद नंतर देतो," यावर विश्वास ठेवून गाडी घरी आणणारा आणि शेजाऱ्यांना पेढे वाटणारा गृहस्थ, तो. भारतीय न्याय संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंतच. कायद्याने दोघांना एका पंगतीला बसवलं आहे. गिऱ्हाईक नसतं तर चोराने एवढ्या गाड्या नेऊन लोणचं घातलं असतं काय?

तेव्हा आज जेवण झाल्यावर खाली जा. सीटखालची चावी आणि आरसी वर घेऊन या, कपाटात ठेवा. मग फाइल काढा आणि पॉलिसीवर 'ओन डॅमेज'पुढची तारीख चष्मा लावून वाचा. गेलेली असेल तर उद्याच विमा भरा, आणि भरेपर्यंत गाडी कशाला तरी बांधून ठेवा.