अहो, तो टॅब कसला?

शोभतं का हे रत्नागिरीला? सांगायचं टिळकांचं जन्मगाव, आणि भर कचेरीच्या वेळात दुसऱ्याची गाडी ओढून पोलिसांना गुंगारा द्यायचा! खऱ्या नव्हे हो, 'व्हाइस सिटी' या व्हिडिओ गेममधल्या. २००२ सालची ही जीटीए पोरं सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळायची. २०२५ च्या डिसेंबरात कुणा हौशी मंडळींनी ती थेट ब्राउझरमध्ये चालवून दाखवली आणि सगळ्यांनी ताळतंत्र सोडलं. पूर्वी सीडी हवी, इन्स्टॉल करायला साहेबांचा पासवर्ड हवा. सज्जन राहण्यावाचून इलाजच नव्हता! आता एका टॅबमध्ये जीएसटीचं रिटर्न, शेजारच्या टॅबमध्ये रॉकेट लाँचर. साहेब आले की कोणता दिसतो, हे सांगायला हवं का?

पोरांचं सोडा, ती वाया गेलेलीच. पण मारुती मंदिरच्या सर्कलला हात दाखवून वळणारे ते निवृत्त मास्तर? गेममध्ये फुटपाथवरून गाडी घालतात, वर कुरकुर की माणसं बाजूला होत नाहीत! आणि आमसुलं विकणाऱ्या काकू? आधी "मेल्यांनो, लाजा नाहीत का?" म्हणून नाक मुरडलं. आठवड्यात त्याच विचारू लागल्या, रणगाडा आणायला काय टाइप करतात. ('पँझर'. आपल्याला कसं ठाऊक, हे विचारू नये.) 'लीव्हमीअलोन' टाइप केलं की पोलीस पाठ सोडतात म्हणे. हा मंत्र घरी चालला असता तर?

आणि ज्याच्या नादी एवढे लागले, तो गेमचा नायक टॉमी व्हर्सेटी कसला डोंबलाचा डॉन? त्याला पोहता येत नाही! भाट्याचं शेंबडं पोर भरतीच्या पाण्यात सूर मारतं, हा धक्क्यावरून घसरला की खलास. लगेच इस्पितळाच्या दारात ठणठणीत उभा, हत्यारं तेवढी गायब. केसपेपर नाही, सलाइन नाही, भेटायला येणारे नातेवाईक नाहीत. गुन्ह्यांचे सहा तारे लागले की लष्कर मागे येतं. पण गॅरेजात शिरून गाडी रंगवली की सगळे ओळखच विसरतात. इथे करून बघा! हेल्मेट घालून निघालात तरी मावशी पाठमोरी ओळखते आणि "काल साळवी स्टॉपला कुणाबरोबर होतास रे?" विचारते.

खेळातलं साल १९८६. त्याच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे आणून ठेवलं. बिचारा १९१६ मध्ये इथेच गेला, सुटका काही झाली नाही. आणि आमची मंडळी? खुर्चीतून न उठता मायामीसारख्या व्हाइस सिटीच्या झावळ्यांखाली!

परवा रात्री आळीतली लाइट गेली. वायफाय गेलं. क्षणभर शांतता, मग घराघरांतून एकच आरोळी: "अरे देवा, सेव्ह केलं नव्हतं!" सगळ्यात खडा आवाज काकूंचा. दुसरा कुणाचा, ते आपण बोलत नाही.