शाळेपुरता बर्फ

बफेलोत राहणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टी येतातच: बर्फाच्या नावानं बोटं मोडणं आणि तो का पडतो हे पाहुण्यांना समजावून सांगणं. दुसऱ्या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही. एरी सरोवराचं पाणी अजून उबदार असतं, वरून गार, कोरडी हवा येते, जाता जाता वाफ उचलते आणि किनारा ओलांडला की बर्फ करून टाकते. तेही एका चिंचोळ्या पट्ट्यात. २०२२च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क या उपनगरात सहा फुटांहून जास्त पडला, उत्तरेकडच्या उपनगरांत त्या मानानं काहीच नाही. हे मी मिठाच्या बरणीला सरोवर आणि लोणच्याच्या बरणीला ऑर्चर्ड पार्क नेमून सांगतो. मंडळात ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ या विषयावर माझं भाषणही झालंय. टाळ्या पडल्या. (वडे आले म्हणून पडल्या, असं बायकोचं मत.)

असा मी, थंडीत रात्री पायजमा उलटा घालून झोपतो.

इथल्या पोरांचा हा पिढीजात धर्म आहे. उद्या बर्फानं शाळा बुडावी असं वाटत असेल तर पायजमा उलटा घालायचा, उशीखाली चमचा ठेवायचा आणि फ्रीजरमधले बर्फाचे खडे कमोडमध्ये सोडून फ्लश करायचं. जितके खडे तितके इंच. चमच्यावरून लेकीच्या वर्गात दोन पंथ आहेत, लाकडीवाले आणि स्टीलवाले. आम्ही स्टीलवाले. पहिल्या वर्षी मी उत्साहानं आमटीचा डाव ठेवला. बर्फ पडला नाही, मान मात्र धरली. पण खरी तपश्चर्या पायजम्याची. नाडीचा पायजमा उलटा घातला की गाठ आत जाते, आणि रात्री तीन वाजता, पन्नाशीच्या पुरुषाला ज्या कामासाठी उठावं लागतं त्या कामाच्या वेळी, भक्ताची परीक्षा होते. इलॅस्टिकवाल्या अमेरिकनांना ही कसोटीच नाही. त्यांना बर्फ फुकट मिळतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२२च्याच नाताळात आलेल्या वादळात आमच्या एरी काउंटीत चाळीसहून अधिक माणसं गेली. कोणी गाडीत अडकून, कोणी रस्त्यात, कोणी घरातच, रुग्णवाहिका पोचू शकली नाही म्हणून. त्यानंतर आमच्या फ्रीजरमधल्या खड्यांना कितीतरी दिवस कोणी हात लावला नाही. शेवटी लेकच म्हणाली, “बाबा, आपण शाळेपुरताच मागू या ना.”

आता तेवढाही आनंद मोठ्यांच्या डोळ्यांत खुपतो. न्यूयॉर्क शहरानं २०२४च्या फेब्रुवारीत बर्फाच्या दिवशी सुट्टी न देता शाळा ऑनलाइन भरवली. आभाळानं स्वतः येऊन दिलेली सुट्टी कॉम्प्युटरवर हजेरी लावून परत घ्यायची! ज्यांना ही कल्पना सुचली ते लहानपणी शाळेत पहिल्या बाकावर बसून गृहपाठाची आठवण करून देत असणार.

लेकीच्या शाळेवर अजून ती वेळ आलेली नाही. गेल्या हिवाळ्यात लेकीचा शुक्रवारी गणिताचा पेपर होता. तिनं मिरजेला आजीला फोन लावून खडे, चमचा, पायजमा असं सगळं सविस्तर सांगितलं. आई म्हणाली, “अगं, संडासात कसले खडे सोडताय? मी गणपती पाण्यात ठेवते.” आणि ठेवला. “शुक्रवारी सकाळी पडू दे, कोणाला इजा न होता,” असं नीट सांगून ठेवला. देवाशी मोघम बोललेलं तिला चालत नाही.

बर्फ पडला. गुरुवारी रात्री आठला सुरू झाला, दोनला थांबला. पहाटे बर्फ ढकलणाऱ्या नांगराच्या गाड्या फिरल्या, मीठ पडलं आणि शुक्रवारी सकाळी रस्ते लख्ख. शाळा वेळेवर, पेपर वेळेवर.

लेकीनं पेपर देऊन आल्यावर दप्तर फेकलं, बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, “बाबा, इथे गुरुवारी रात्रीचे आठ म्हणजे मिरजेत शुक्रवारी सकाळचे साडेसहा!” वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या वक्त्याला हे ताबडतोब पटलं. सरोवर, वारा, वाफ, सगळं एकीकडे; एवढं बिनतोड स्पष्टीकरण मला आजवर कोणी दिलं नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं. ती हळहळली.

“मग आता ह्याला पाण्यातून काढू,” तिनं विचारलं, “की सोमवारचा काही पेपर आहे?”