निधीच्या उपलब्धतेनुसार

अर्थसंकल्पाच्या दिवशी अर्थमंत्र्यांचा थाट काही और असतो. हातात बॅग नाहीतर लाल बासन, पायऱ्यांवर छायाचित्रकारांची झुंबड, भाषणात तुकोबांचा अभंग किंवा एखादा शेर. त्या दिवशी बोलायचे त्यांनी आणि ऐकायचे बाकीच्यांनी. पण अर्थमंत्री खरे पाहायचे तर प्रश्नोत्तराच्या तासाला पाहावेत. तिथे लाखो कोटींच्या गोष्टी कमी. कुठल्यातरी तालुक्यातला रखडलेला पूल, कोषागारात अडकलेले निवृत्त शिक्षकांचे पेन्शन, असली बारकी, टोचणारी प्रकरणे जास्त. आणि ती विचारणारा आमदार घरून तयारी करून आलेला असतो.

कुणाला वधूवरांच्या जाहिराती वाचायचा नाद असतो, मला विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्यांचा आहे. या वाङ्मयप्रकाराला स्वतःची शैली आहे. सुरुवात ठरलेली : सन्माननीय वित्त मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? मग आकडे घालून एकेक उपप्रश्न. अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, काय आढळून आले? आणि शेवटी हमखास : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? विलंब झालाच असणार, हे आमदाराने गृहीत धरलेले असते. इतकी वर्षे राजकारणात काढल्यावर धरणारच.

उत्तरांची कला त्याहून वरची. पहिल्याच उपप्रश्नाला ‘हे खरे नाही’ म्हटले की खालच्या सगळ्यांना एकदम ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहून मोकळे होता येते. पाच उपप्रश्नांची इमारत दोन ओळींत जमीनदोस्त! प्रकरण अगदीच उघडे पडलेले असेल तर ‘हे अंशतः खरे आहे’. कुठला अंश, ते कळायला पूरक प्रश्न लागतो. मंत्री पूरक प्रश्नांसाठीची टिपणी चाळतात, अधिकाऱ्यांच्या कक्षातून एक चिठ्ठी येते, चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही, आणि मग सभागृहाला माहिती मिळते की ‘तपासून घेतले जाईल’. आमदार म्हणतात, समाधान झाले नाही. अगदीच गदारोळ झाला तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात.

वित्त विभागाची गंमत अशी की बाकीच्या सगळ्या मंत्र्यांना त्याचा आडोसा असतो. शाळेच्या खोल्या का नाहीत? प्रस्ताव वित्त विभागाकडे आहे. दवाखान्याची पदे का भरली नाहीत? वित्त विभागाची सहमती मिळताच भरू. वित्तमंत्र्यांना मात्र पाठीमागे ढकलायला कुणी नसते. म्हणून त्यांच्याकडे या सगळ्या शब्दसंग्रहाचा मुकुटमणी असतो : ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’. त्यात नकार नाही, तारीख नाही, आणि खोटे तर अजिबात नाही. फारच जोर आला तर मागे ‘टप्प्याटप्प्याने’ जोडतात. पहिला टप्पा कधी, हे त्यांनाही माहीत नसते आणि तसे ते लपवतही नाहीत.

अर्थमंत्री सरळ का बोलत नाहीत, असे आपण चहा पिता पिता म्हणतो. सरळ बोलून काय होते ते डिसेंबर 2019 मध्ये दिसले. कांद्याने शहरांत शंभरी ओलांडली होती. लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी कांद्याचा विषय काढला. पुरवणी मागण्यांवर उत्तर देताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन सरकारने योजलेले उपाय सांगत होत्या. मध्येच एका सदस्याने विचारले, तुम्ही कांदा खाता का? त्यांनी सांगून टाकले की आपण कांदा-लसूण फारसा खात नाही, आपल्या घरी त्याचे फारसे काही नसते. झाले. उपाय कुणाला आठवत नाहीत, आयातीचे टन कुणाला आठवत नाहीत. लासलगावापासून दिल्लीपर्यंत लक्षात राहिले ते एवढेच. खरे तर त्या दिवशीचे सर्वांत थेट उत्तर तेच होते.

मंत्र्यांच्या या संदिग्धतेवर संसदेने एक औषध शोधले आहे आणि ते मला फार आवडते. लोकसभेत 1953 पासून शासकीय आश्वासनांची एक समिती आहे. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. मंत्र्यांचे कोणते बोलणे आश्वासन समजायचे, याची चक्क यादीच लोकसभेच्या समितीने केलेली आहे. विषय विचाराधीन आहे. मी यात लक्ष घालीन. चौकशी चालू आहे. माहिती गोळा करत आहोत. काय करता येईल ते पाहीन. दौऱ्यावर जाईन तेव्हा जागेवर परिस्थिती बघेन. ही सगळी आश्वासने! तोंडातून गेले की समिती लिहून घेते आणि तीन महिन्यांत पुरे करायला सांगते. आपल्याकडे घरात सायकल मागितली की वडील ‘बघू’ म्हणायचे. ते ‘बघू’ नोंदवून घेणारी समिती घरात असती, तर किती बालपणांचा नकाशा बदलला असता! अर्थात संसदेतलीही बरीच आश्वासने मुदतवाढ मागत म्हातारी होतात. पण मागावी लागते, हेही काही कमी नाही.

कारण मुळात प्रश्न विचारण्याचा हा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. 1892 च्या ब्रिटिश कायद्याने कायदे कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण पूरक प्रश्नाची नाही. साहेबाने ‘हे खरे नाही’ म्हटले की खाली बसायचे. पूरक प्रश्न 1909 मध्ये आला, तोही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याच्यापुरता. अशा त्या सभागृहात 26 मार्च 1902 रोजी गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. सरकार शिलकीचे अंदाजपत्रक मिरवत होते. गोखल्यांचे म्हणणे असे की दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळला, म्हणून ही शिल्लक पडली. आकड्यांच्या तयारीत त्यांना गणेश व्यंकटेश जोशी या सरकारी शाळेत मुख्याध्यापकी केलेल्या माणसाचा हात होता. भारत सरकारच्या हिशेबाला एका हेडमास्तराने लाल शाई लावली, असेच म्हणायचे! पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला. सरकारने गोखल्यांचे ऐकून केला असे कबूल करायचा प्रश्न उद्भवत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर विचारणारे आणि उत्तर देणारे आपलेच झाले. मधू दंडवते राजापूरहून निवडून येऊन वर्षानुवर्षे विरोधी बाकांवरून सरकारला उलटसुलट विचारत राहिले आणि 1989 च्या डिसेंबरात स्वतः अर्थमंत्री झाले. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी तर 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या प्रश्नावर उत्तर म्हणून राजीनामाच दिला. एवढे निःसंदिग्ध उत्तर पुन्हा फारसे कुणी दिलेले नाही.

पण प्रश्नाने काय होऊ शकते याचा नमुना मुंदडा प्रकरणाचा. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली होती. 1957 मध्ये लोकसभेत त्यावर प्रश्न आले, उत्तरे आली, आणि समाधान झाले नाही. 16 डिसेंबरला फिरोझ गांधी उभे राहिले. सत्ताधारी बाकांवरचे खासदार, शिवाय पंतप्रधानांचे जावई! न्यायमूर्ती छगला यांचा आयोग नेमला गेला. मुंबईत उघड सुनावण्या झाल्या. गर्दी इतकी की बाहेर कर्णे लावावे लागले. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. ते 1963 मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. आणि त्या प्रकरणात होरपळलेले वित्त सचिव एच. एम. पटेल 1977 मध्ये स्वतःच अर्थमंत्री होऊन प्रश्नांना उत्तरे देऊ लागले.

एरवी मात्र प्रश्नाचे खरे काम सभागृहात होतच नाही, असे माझे मत आहे. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात, त्यातले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. पण आपल्या विधानसभेत प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून खाली कागद सुटतो : ‘अत्यंत तातडीचे. विधानसभा तारांकित प्रश्न.’ कार्यालयांत त्याला नुसते एलएक्यू म्हणतात. विभागाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला. रात्री फोन वाजतात, कपाटाच्या वरच्या फळीवरची धारिका खाली येते, धूळ झटकली जाते. पेन्शनचे प्रकरण दोन वर्षे का पडून आहे, हे दोन वर्षांत प्रथमच कुणीतरी वाचतो. आणि उत्तराच्या आदल्या दिवशी आदेश निघतो. मग दुसऱ्या दिवशी वित्तमंत्री शांतपणे वाचून दाखवतात : ‘हे खरे नाही.’ आणि खरोखरच ते आता खरे नसते! विरोधक चिडतात, वार्ताहर जांभई देतात, आणि कुठल्यातरी गावात एका मास्तरांच्या खात्यात पैसे जमा होतात. या विनोदात नुकसान कुणाचेच नाही. फक्त टाळ्या कुणाला द्यायच्या ते कळत नाही.

वाईट याचे वाटते की हा तासच सर्वांत आधी बुडतो. घोषणा, फलक, तहकुबी. गोंधळ घालायला बहुतेकांना हीच वेळ सोयीची वाटते. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात तर करोनाच्या कारणाने लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास ठेवलाच नव्हता. लेखी उत्तरे तेवढी मिळत होती. तास बुडाला म्हणून सामान्य माणूस कधी रस्त्यावर आलेला नाही. त्या तासात आपलाच हिशेब विचारला जातो, हे त्याला कुणी सांगितलेलेही नाही.

लोकसभेतली प्रश्नोत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येतात, त्याला पैसे पडत नाहीत. पुढच्या निवडणुकीआधी एक संध्याकाळ काढा आणि आपल्या खासदारांनी अर्थमंत्र्यांना पाच वर्षांत काय काय विचारले, तेवढे वाचा. उत्तरे नाही वाचलीत तरी चालेल.